लॉ कॉलेजात रूमवर बसून एकटीने अभ्यास केला तर भागतं का?

दादा, तुमचा प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची धाकटी बहीण वाशिमकडची, बारावीपर्यंत मराठी माध्यम, पाच वर्षांच्या लॉला लागलीय, पहिलं सेमिस्टर झालं, होस्टेलला राहते, वर्गात तोंड उघडत नाही, मूट कोर्ट (म्हणजे सरावाचा, काल्पनिक खटला), लीगल एड (म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत), कमिट्या सगळ्यापासून लांब राहते, आणि घरचे पण तिला हेच सांगतायत की त्या भानगडीत पडू नको, रूमवर बस, अभ्यास कर, मार्क आण. तुम्हाला विचारायचंय की हे बरोबर आहे का, इंग्रजीचं काय करायचं, आणि पुस्तकं कोणती घ्यायची.

मी जिल्हा कोर्टात बरीच वर्षं दिवाणी वकिली करतेय आणि सकाळी लॉ कॉलेजात शिकवते, त्यामुळे पोरं वर्गात कशी येतात आणि पुढे कोर्टात कशी उभी राहतात हे दोन्हीकडून बघते. सरळ सांगते, रूमवर एकटीने बसून ती पास होईल, चांगल्या मार्कांनी पण होईल, पण वकिलीचं काम तिला येणार नाही. कायदा चार जणांत बसूनच शिकायचा असतो. बाकीची सगळी जी कॉलेजची लाइफ म्हणतो आपण, ती अभ्यास झाल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट आहे असं घरच्यांना वाटतं ना, तिथेच गडबड होते.

का ते एका उदाहरणावरून सांगते. तात्पुरता मनाई हुकूम, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 39, रूल 1 आणि 2. आपल्याकडच्या कोर्टात दाव्यासोबत हा अर्ज येतो आणि त्याला सहसा निशाणी 5 पडते म्हणून सगळे त्याला एक्झिबिट फाइव्हच म्हणतात. त्याच्या तीन कसोट्या आहेत, प्रथमदर्शनी केस आहे का, सोयीचा तोल कुणाच्या बाजूला आहे आणि भरून न येणारं नुकसान होणार आहे का. प्रत्येक पोराला ह्या तीन ओळी पाठ असतात, पेपरात सगळे लिहितात. मी वर्गात काय करते, ह्या तीन ओळी फळ्यावर लिहायच्या आणि एक साधं भांडण द्यायचं, की शेजाऱ्याने बांधावरून जाणारा वहिवाटीचा रस्ता काटे टाकून बंद केलाय, आता अर्ज मंजूर करायचा की नाही. शहरातली पोरं लगेच म्हणतात, मॅडम यात भरून न येणारं काय आहे, दावा जिंकला तर नुकसानभरपाई मिळेल की. एका वर्षी मागच्या बेंचवरची एक मुलगी, जी तोपर्यंत कधी बोललीच नव्हती, ती म्हणाली की मॅडम सोयाबीन काढणीला आलंय आणि रस्ता बंद आहे, मळणीयंत्र आत जात नाही, चार दिवस उशीर झाला तर शेंगा फुटून दाणे खाली पडतात, मग दावा पाच वर्षांनी जिंकून काय करायचं. सगळा वर्ग गप्प. आणि वर ती असंही म्हणाली की आमच्या काकांनी तर तहसीलदाराकडे केस टाकली होती, कोर्टात गेलेच नव्हते. आता हे बरोबर आहे, मामलतदार कोर्ट ॲक्ट 1906 च्या कलम 5 खाली अडवलेल्या रस्त्याचा दावा तहसीलदाराकडे चालतो आणि तो सहा महिन्यांच्या आत आणावा लागतो. माझ्या अर्ध्या वर्गाला हा कायदा आहे हेच माहीत नव्हतं आणि त्या मुलीला आपल्याला जे माहितीय तो कायदा आहे हे माहीत नव्हतं. त्या तासाला दोन्ही बाजू शिकल्या. ती मुलगी रूमवर बसून तीन कसोट्या पाठ करत राहिली असती तर ना तिचं भलं झालं असतं ना बाकीच्यांचं. तुमची बहीण विदर्भातली आहे, शेतीच्या घरातली आहे, तिच्याकडे असं खूप काही असणार, फक्त ते वर्गात आणायचं असतं हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून पहिलं काम, तिला तीन-चार जणींचा किंवा जणांचा वाचनाचा ग्रुप करायला सांगा. नोट्स वाटून घेण्याचा ग्रुप नको, तो सगळेच करतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पीडीएफ फिरत राहते. मी म्हणतेय तो असा की आठवड्याला एक निकालपत्र, मूळ, पूर्ण, प्रत्येकाने आधी वाचून यायचं आणि मग बसून एकाने फॅक्ट सांगायच्या, दुसऱ्याने खालच्या कोर्टांनी काय केलं ते, तिसऱ्याने मुद्दे कोणते काढले आणि त्यावर कोर्ट काय म्हणालं, आणि चौथ्याचं काम फक्त हरकत घेणं. चौथा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. फॅक्ट सांगताना पोरं फार घाई करतात, त्यांना वाटतं खरा कायदा पुढे आहे, पण कोर्टात आल्यावर कळतं की ऐंशी टक्के भांडण फॅक्टवरच असतं आणि तारखा नीट लावता न येणारा वकील कितीही कलमं पाठ असली तरी अडकतो.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर मी माझ्या पोरांना मथुरा प्रकरण देते, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. ते आपल्याच भागातलं आहे, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं, 26 मार्च 1972 ची रात्र. एक आदिवासी, मजुरी करणारी मुलगी, नातेवाइकांबरोबर ठाण्यात जबाबाला आलेली, बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला आत थांबवलं, आणि आत तिच्यावर बलात्कार झाला म्हणून दोन पोलिसांवर खटला चालला. सेशन्स कोर्टाने दोन्ही पोलिसांना 1974 मध्ये सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये पुन्हा निर्दोष सोडलं. मी आधी फक्त सुप्रीम कोर्टाचं निकालपत्र वाचायला देते, दुसरं काही सांगत नाही. ते छोटं आहे, भाषा सोपी आहे, आणि पहिल्यांदा वाचताना ते पटतं सुद्धा, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, मग संमती नव्हती हे कसं म्हणायचं असा तो सगळा तर्क आहे. मग ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतंच की अहो पण रात्री ठाण्याचं दार बंद, घरचे बाहेर, आत वर्दीतली माणसं, ती ओरडणार कुणासाठी. आणि मग त्याच निकालपत्रात हायकोर्टाने काय म्हटलं होतं ते पोरं परत जाऊन शोधतात, धाकाखाली गप्प राहणं आणि संमती देणं यात फरक आहे हे हायकोर्टाने मांडलेलं होतं. आधी डोळ्याखालून गेलेली ओळ दुसऱ्या वाचनाला दिसते.

त्यानंतर मी त्यांना सांगते की 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार, यांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. त्यांची त्या केसमध्ये वकील म्हणून काही भूमिका नव्हती. त्यांनी निकाल वाचला, आपसात बोलले, त्यातला तर्क कुठे चुकतोय ते कागदावर मांडलं आणि सही केली. पुढे देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी कडक शिक्षा आली आणि अशा केसमध्ये संमती नव्हती असं बाईने सांगितलं तर कोर्टाने तसं गृहीत धरायचं ही तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. मला हे दर वर्षी सांगताना भरून येतं. लॉ कॉलेज नावाच्या जागेत माणसं एकत्र बसून एक निकाल वाचतात तेव्हा काय होऊ शकतं ते यात आहे, आणि तुमच्या घरच्यांना जर ग्रुपमध्ये बसणं म्हणजे टाइमपास वाटत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

आता इंग्रजी. तिला वाटतं की आधी इंग्रजी सुधारते आणि मग बोलते. उलटं करायला सांगा. कायद्याचं इंग्रजी हे वेगळंच आहे, कॉन्व्हेंटच्या पोरांना पण पहिल्या वर्षी ते कळत नाही, फक्त त्यांना न कळलेलं दिसत नाही एवढंच. प्रोव्हायडेड दॅट, नॉटविदस्टँडिंग, सेव्ह ॲज अदरवाइज, ह्या शब्दांनी वाक्य कुठे वळतं ते एकदा समजलं की कलम उलगडतं. माझा उपाय साधा आहे, कलम मोठ्याने वाचायचं, रोज, रूममेटसमोर, आणि मग आपल्या भाषेत सांगायचं की याचा अर्थ काय, अगदी वाशिमच्या बोलीत सांग ना, काही बिघडत नाही. जे मराठीत सांगता येत नाही ते समजलेलंच नसतं. वर्गात प्रश्न मराठीत विचारला तर कुणी हाकलून देत नाही, आणि कुणी हसलं तर शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवायला हवं, मी थांबवते. राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत लॉचा पेपर मराठीतून लिहिता येतो, तिच्या कॉलेजात काय नियम आहे ते ऑफिसात विचारून घ्या. पण एक लक्षात ठेवा, घटनेच्या कलम 348 मुळे आपल्या हायकोर्टाचं आणि सुप्रीम कोर्टाचं काम इंग्रजीतच चालतं, म्हणून इंग्रजी वाचायची सवय सोडू नका. आणि तालुका-जिल्हा कोर्टात मात्र मराठीच लागते, कैफियत, सरतपास, उलटतपास, पंचनामा, रोजनामा, बोर्डावर केस कितवी आहे, समोरच्याचा से म्हणजे लेखी म्हणणं आलं का, हे सगळं मराठीत चालतं आणि तिथे मोठमोठ्या कॉलेजातून आलेली पोरं साक्षीदाराला काय विचारावं ते न कळून अडखळताना मी रोज बघते. तिची मराठी हे तिचं भांडवल आहे.

कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे यावरही थोडं अवलंबून आहे. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज 1855 चं, बाबासाहेब 1935 मध्ये तिथे प्राचार्य झाले, पुण्याचं आयएलएस 1924 चं, ही जुनी कॉलेजं शहराच्या आणि कोर्टाच्या आधाराने वाढली, पोरं सकाळी वर्गात आणि दुपारी कुणाच्या तरी ऑफिसात. नंतर बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलपासून पाच वर्षांचं निवासी लॉ स्कूल ही पद्धत आली आणि आपल्याकडे 2014 च्या कायद्याने मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं झाली. निवासी ठिकाणी ग्रुप आपोआप जमतात पण बाहेरचं जग कमी दिसतं, शहरातल्या कॉलेजात कोर्ट जवळ असतं पण तास झाला की सगळे पांगतात, तिथे ग्रुप मुद्दाम जमवावा लागतो. दोन्हीकडे मेहनत आहेच, फक्त वेगळ्या जागी.

मूट कोर्ट. याची तिला भीती वाटत असणार, काळा कोट, इंग्रजीत भाषण, समोर जज. मूटमध्ये साधारण तीन जणांची टीम असते, दोघे बोलणारे आणि एक संशोधन करणारा, एक काल्पनिक केस देतात आणि त्यात दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं, ज्याला मेमोरियल म्हणतात, ते तयार करावं लागतं. दोन्ही बाजूंचं, हे महत्त्वाचं आहे. काल रात्री ज्या मुद्द्यासाठी भांडलो तोच आज खोडून काढायचा. पहिल्या वर्षी तिने बोलायचा हट्ट धरू नये, रिसर्चर म्हणून टीममध्ये शिरावं. रिसर्चरला केस शोधायला लागतात, निकालातला खरा आधार कुठला आणि जाता जाता म्हटलेलं कुठलं हे वेगळं काढावं लागतं, आणि सुनावणी चालू असताना जजने प्रश्न विचारला की चिठ्ठीवर पान नंबर आणि परिच्छेद नंबर लिहून बोलणाऱ्याच्या हातात सरकवावी लागते, तेही चार-पाच सेकंदांत. ती चिठ्ठी बरोबर असली तर अख्खी टीम तरते. चांगल्या रिसर्चरला सीनियर मुलं दुसऱ्या वर्षी स्वतः शोधत येतात. आणि कॉलेजने संधी दिलीच नाही असं होत नाही, बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलीचं शिक्षण आणि पेशा यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलच्या एका पेपरला किमान तीन मूट सगळ्यांनाच करावे लागतात, शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा असतो, अशिलाची मुलाखत कशी घेतात ते बघायचं असतं आणि त्याची डायरी ठेवायची असते. बऱ्याच कॉलेजात ही डायरी पोरं एकमेकांची बघून उतरवतात. तिला सांगा, उतरवू नको. खरंच जाऊन बस. पुकारा होतो तेव्हा म्हातारी माणसं कशी धावत येतात, मुदत अर्ज दिल्यावर त्यांचे चेहरे कसे होतात, हे बघितल्याशिवाय तारीख म्हणजे काय ते कळत नाही.

आणि लीगल एड, ज्याला तुमचे घरचे भानगड म्हणतायत. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजात लीगल एड क्लिनिक असावंच लागतं. काही ठिकाणी ते नावाला असतं, वर्षातून एक रॅली, एक बॅनर, फोटो झाला की संपलं. पण जिथे एखादा शिक्षक मनापासून चालवतो तिथे पोरं वर्षभरात बदलून जातात. एकदा आमच्या शिबिरात एक बाई आल्या, भाऊ म्हणत होते रजिस्ट्रार ऑफिसला चल आणि हक्कसोडपत्रावर सही कर, साडीचोळी देतो. हातात सातबारा होता. शहरातली एक हुशार विद्यार्थिनी पुढे होऊन लगेच सांगायला लागली की ताई हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच हक्क आहे, सही करू नका. म्हणजे दिशा बरोबर, पण बाईंनी मान डोलावली आणि उठायला लागल्या, त्यांना काहीच पोहोचलं नव्हतं. मग दुसरी एक मुलगी, गावाकडची, ती शेजारी खाली बसली, सातबारा हातात घेतला आणि म्हणाली, मावशी, हे नाव कुणाचं, याला कंस केलाय ते. ते बाईंच्या आईचं नाव होतं. कंस म्हणजे ते नाव कमी झालेलं. कोणत्या फेरफाराने कमी झालं, आई हयात आहे का, तिने कधी सही केली होती का, वडील कधी गेले, जमीन आजोबांची की वडिलांनी घेतलेली, भावांनी वाटप कधी केलं आणि रजिस्टर केलं का, असं एकेक विचारत गेली आणि बाई बोलत्या झाल्या. वाटपाची तारीख विचारणं फार महत्त्वाचं, कारण 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर झालेलं किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेलं वाटप दुरुस्तीने हलत नाही. वडील 2005 च्या आधी वारले म्हणजे मुलीचा हक्क गेला असं आधी बरेच जण सांगायचे, तो गोंधळ सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये विनीता शर्मा निकालात मिटवला, वडील हयात असायची गरज नाही. आणि आपल्या महाराष्ट्राने तर 1994 मध्येच मुलींना हक्क देणारी दुरुस्ती केली होती, पण ती त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरती होती.

मग आम्ही बाईंना फेरफाराची नक्कल काढायला सांगितली आणि तालुका विधी सेवा समितीचा अर्ज भरून दिला. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या पहिल्या हुशार मुलीलाही माहीत नव्हतं. दोघींनी पुढे वर्षभर मिळून क्लिनिक चालवलं. एकीला निकाल माहीत होते, दुसरीला सातबारा वाचता येत होता. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अधिकारात सल्ला द्यायचा नसतो, ऐकायचं, लिहून घ्यायचं, शिक्षक किंवा पॅनेलवरच्या वकिलाला दाखवायचं, ही शिस्त पण तिथेच लागते, आणि पुढे वकिलीत अशिलाचं पूर्ण ऐकून मगच तोंड उघडायचं ही सवय तिथूनच येते.

होस्टेलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मला बोलायचंय. पहिल्या महिन्यातच तिला कुणी आडनाव विचारलं असेल, रँक विचारली असेल, कॅटेगरी विचारली असेल, आणि उत्तर ऐकून वागणं बदललेलं तिला जाणवलं असेल. हे आहे, लपवण्यात अर्थ नाही, आणि गप्प बसण्याचं कारण इंग्रजी आहे असं ती घरी सांगत असेल तर त्यामागे हेही असू शकतं, म्हणून तिला शांतपणे, खोदून न विचारता विचारा. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्याचा 1999 चा कायदा आहे, कॉलेजप्रमुखाने तक्रारीची चौकशी सात दिवसांत करायची असते, युजीसीचे 2009 चे नियम आहेत, अँटी रॅगिंग कमिटी असते, आणि जातीवरून कुणी बोललं तर त्याचाही कायदा आहे. लॉ कॉलेजात हे कायदे शिकवायचे आणि होस्टेलमध्ये सहन करायचे हे मला मान्य नाही, तिलाही मान्य असू नये. पण त्याचबरोबर तिथे साथ देणारी माणसंही असतात, तिच्याच भागातल्या सीनियर असतात, ज्या बहुतेक लायब्ररीत भेटतात. आयडिया नावाची एक संस्था आहे, शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये सुरू केलेली, गरीब आणि मागास घरांतल्या मुलांना लॉ स्कूलमध्ये आणण्यासाठी, तिचे विद्यार्थी स्वयंसेवक बऱ्याच राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आहेत, ओळख करून घ्यायला हरकत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरलाय का तेवढं तुम्ही बघा, पोरं लाजेने विचारत नाहीत आणि तारीख निघून जाते.

हे सगळं करताना तोल जातो हेही खरं. काही पोरं सहा कमिट्यांत असतात, फेस्टचे स्पॉन्सर शोधत फिरतात आणि संविदा कायद्याच्या पेपरला रात्रभर जागून पास होतात. बार कौन्सिलचा 70 टक्के हजेरीचा नियम आहे आणि तो योग्य आहे. माझं मत असं की पहिल्या वर्षात दोनच गोष्टी, वाचनाचा ग्रुप आणि लीगल एड. मूटची टीम दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी. बाकी गॅदरिंगमध्ये नाचायचं असेल तर नाचू दे की, त्याला कोण नको म्हणतंय.

इंटर्नशिपबद्दल पटकन सांगते. पाच वर्षांच्या कोर्सला एकूण 20 आठवडे लागतात, तीन वर्षांच्याला 12, सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त एका वर्षात करता येत नाही, आणि ट्रायल कोर्टातल्या आणि अपील चालवणाऱ्या वकिलाकडे एकदा तरी करावीच लागते. पहिली इंटर्नशिप वाशिमच्या कोर्टात, गावच्या ओळखीच्या वकिलाकडे करू द्या, मोठ्या फर्मचं नाव नंतर. घरी राहील, खर्च नाही, आणि सुट्टीत दाव्याची फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला मिळेल. फक्त त्या वकिलांना आधी विचारा की फाइल हातात देणार का, नाहीतर चार आठवडे झेरॉक्स काढण्यात जातात.

पुस्तकांचं. गाइड आणि वीस प्रश्नांचे संच घेऊ नका, ते तिच्या मैत्रिणींकडे असतीलच. प्रत्येक विषयाचा बेअर ॲक्ट, म्हणजे नुसती कायद्याची कलमं असलेलं पुस्तक, घ्या, शक्य असेल तिथे इंग्रजी-मराठी द्विभाषी आवृत्ती, भारताची राज्यघटना मराठीत सरकारी आवृत्ती मिळते ती जरूर घ्या. सीनियरकडून जुन्या नोट्स घेताना एक बघायला सांगा, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे नवे तीन कायदे आले, त्यामुळे जुन्या नोट्समधलं खुनाचं कलम 302 आता 103 आहे आणि फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये आहे. पण जुनी फेकून देऊ नका, त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले आयपीसी म्हणजे जुन्या दंड संहितेखालीच चालतायत आणि अजून बरीच वर्षं चालतील, म्हणून दोन्ही नंबर शेजारी शेजारी लिहून ठेवायची एक वही करायला सांगा. मोठी टेक्स्टबुकं लायब्ररीतून, दर वर्षी बदलतात, विकत घ्यायचे पैसे वाचवा. एक चांगला इंग्रजी-मराठी न्याय व्यवहार कोश मात्र असू द्या. आणि लॅपटॉप पहिल्याच वर्षी पाहिजे असं काही नाही, ऑनलाइन निकाल शोधायचे डेटाबेस लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर असतात, तिथे बसली तर वाचनाच्या ग्रुपसाठी माणसंही तिथेच सापडतील.